सतरावा दिवस

तुझ्या सतराव्या दिवशी, भर दुपारी,
तू पिता पिता तोंड फिरवलंस.
ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब
आणि कपाळावर आठी.
एवढ्याशा कपाळाला एवढी मोठी आठी
कुठून मिळाली, कोण जाणे.

खाली मातीच्या भांड्यात काढा रटरटत होता.
इपोहच्या या घरात तुझी आजी अठ्ठावीस दिवस
मला केस भिजवू देत नाही, पंखा लावू देत नाही,
गार पाण्याचं नाव काढू देत नाही.
"वारा अंगात शिरतो," म्हणते,
"आणि चाळीस वर्षांनी गुडघ्यांतून बोलतो."
खरं असावं. तिचे गुडघे रोज बोलतात.

काढ्यात काय आहे, ते तिलाही ठाऊक नव्हतं.
पुडी तायपिंगहून तिच्या बहिणीनं धाडलेली,
बहिणीला ती शेजारणीनं दिलेली,
शेजारणीला कुणी, ते विचारायचं राहून गेलेलं.
मी वाटी नाकाशी न नेता प्यायले, सलग तीन दिवस.
आणि तुझी दुपटी: सात, नऊ, अकरा.
हिरवट, पाण्यासारखी.
पान्हाही आटत चाललेला.

दवाखान्यातली रोहाया नर्स म्हणाली,
"बाळंतपणाचं मीही पाळलं, चव्वेचाळीस दिवस,
पोटावर गरम दगड ठेवून.
पण पोटात जाणारं विचारून घ्यावं, बाई.
तूर्त थांबवा. आणि पाजणं थांबवू नका."
आजी म्हणाली, "थांबवलंस तर अंग कायमचं गारठेल."
दोघींना खात्री होती.
खात्री नव्हती ती फक्त मला,
आणि तू तर बोलतच नव्हतीस.

आजीचा डोळा लागला तेव्हा
डोक्याला टॉवेल गुंडाळून, पायांत मोजे चढवून,
उन्हात बाहेर पडले, तुला छातीशी बांधून,
उरलेली पुडी दुपट्यांच्या पिशवीत लपवून.
चोरी करताना इतकं ऊबदार वाटतं, माहीत नव्हतं.

फूंग म्हाताऱ्याच्या दुकानात भिंतभर खण,
खणाखणावर पितळी कडी.
त्यानं पुडी जुन्या वर्तमानपत्रावर ओतली,
चष्मा कपाळावर सरकवला,
आणि आधी माझ्याकडे नाही, तुझ्याकडे पाहिलं.
"अंगावर पाजतेस?"

केवढासा प्रश्न.
तायपिंगपासून इथवर इतक्या हातांतून आलेल्या पुडीला
तो कुणीच विचारला नव्हता.
पुडी एका बाईसाठी बांधलेली होती.
तू त्या हिशेबात नव्हतीसच.

नखानं तो वेचत गेला.
भाजलेले जवाचे मोड बाजूला:
"हे आम्ही दूध तोडायचं असेल तेव्हा देतो."
पिवळा तुकडा, ज्यानं त्याचं बोट पिवळं झालं:
"रेवंद. आईचं पोट साफ करतं,
दुधातून लेकराचंही."
मग एक काळसर साल. त्यानं ती हुंगली,
उजेडात धरली, जिभेच्या टोकाला लावून थुंकली,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"हे मला कळत नाही," म्हणाला शेवटी.
पन्नास वर्षांचं दुकान, हजार खण,
आणि त्यानं ते असं म्हटलं
जसं कुणी म्हणावं, पाऊस नाही आज.
"कळत नाही ते पिऊ नकोस. लेक काय म्हणते ते बघ.
उद्याही पातळच झालं तर दवाखान्यात जा,
माझ्याकडे नको."
खजूर आणि आलं बांधून दिलं.
"हे औषध नव्हे, जेवण. जेवणाएवढंच खा."
पैसे फक्त खजुरांचे घेतले.

घरी आजी जागी होती. गॅस बंद.
तिनं माझे मोजे पाहिले, मोज्यांवरची धूळ पाहिली,
आणि विचारलं फक्त, "काय म्हणाला फूंग?"
मी सांगितलं. ती भांडं घासायला लागली.
दुसऱ्या दिवशी त्यात खजूर उकळत होते.
"मलाच वाटलं, बदलून बघावं," ती भांड्याला म्हणाली.

सालीची पुडी अजून कपाटावर आहे,
टाकून द्यायला कुणाचाच हात होत नाही.

एकोणिसाव्या दिवशी दुपटी पाच.
तू पुन्हा ओढून ओढून प्यालीस, घाम फुटेपर्यंत.
आठी मात्र होती तिथेच.
तेव्हा ओळखली ती मी.
भांड्यात डोकावताना आजीच्या कपाळावर
अगदी हीच असते.